टूसॉनला नुकते आलात? शनिवार-रविवार असे आखा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही मे महिन्यात न्यू जर्सीहून ॲरिझोनातल्या टूसॉनला राहायला आलो. मुलगी सात वर्षांची आहे. ऑक्टोबरात नाशिकहून सासू-सासरे चार-साडेचार महिन्यांसाठी येणार आहेत. दोघं शुद्ध शाकाहारी, सासऱ्यांचे गुडघे दुखतात. आतापर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या एसी लावून घरात किंवा मॉलमध्ये गेल्या. बाहेर ४० अंश आणि नजर जाईल तिथे रखरखाट. इथले लोक शनिवार-रविवारी करतात तरी काय?"

मी टूसॉनमध्ये १७ वर्षं राहते आहे आणि त्यातली ११ वर्षं बहुतेक दर शनिवारी सकाळी लोकांना इथल्या पायवाटांवर घेऊन जाते. नवीन आलेली मराठी कुटुंबं त्यात नेहमी असतात आणि जून उजाडला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. जूनमध्ये टूसॉनची ओळख होणं म्हणजे वैशाखात पहिल्यांदा अकोल्याला उतरणं. त्यामुळे तुमचं काही चुकलेलं नाही, फक्त घड्याळ अजून न्यू जर्सीचं आहे.

तिकडे आपण शनिवारी नऊला उठतो, पोहे होतात, अकराच्या सुमारास गाडी काढतो. इथे जूनमध्ये अकरा वाजता दिवस संपलेला असतो. सूर्य सव्वापाचला उगवतो आणि साडेसातच्या सुमारास मावळतो. पहाटे साडेचार ते साडेआठ हा एक दिवस आणि संध्याकाळी साडेसहानंतर दुसरा. मधला वेळ पडदे ओढून झोपायचा. आपल्या आजी-आजोबांनी खानदेशात उन्हाळे असेच काढले. (ॲरिझोनात घड्याळं पुढेमागे करत नाहीत. भारताशी अंतर बाराही महिने साडेबारा तास. नाशिकला फोन करायला हे फार सोयीचं पडतं.)

वेळेनंतरची दुसरी किल्ली म्हणजे उंची. गाव समुद्रसपाटीपासून साधारण २,४०० फुटांवर आहे आणि उत्तरेला दिसणारा माउंट लेमन ९,१५७ फुटांवर. किती वाजता निघायचं आणि किती उंचीवर जायचं, एवढं ठरलं की कुठे जायचं ते आपोआप ठरतं.

सुरुवात टूमामॉक टेकडीपासून करा. पुण्यातल्या माणसाला मी एवढंच सांगते की ही आमची पर्वती. गावाच्या पश्चिमेला, सेंटिनल पीक नावाच्या टेकडीच्या शेजारी. या सेंटिनल पीकच्या काळ्या खडकावरूनच गावाला नाव मिळालं. इथल्या मूळच्या तोहोनो ओओधम लोकांच्या भाषेत 'चुक शॉन' म्हणजे काळ्या डोंगराचा पायथा. (आणि हो, स्पेलिंगमध्ये 'सी' असला तरी तो उच्चारत नाहीत.) टूमामॉकवर डांबरी रस्ता आहे, वर जायला दीड मैल, चढ सातशे फुटांच्या आसपास. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत खुली असते. पाचला पोचलात तर अर्धं गाव भेटेल: नर्स, आजोबा, जपमाळ हातात घेऊन चढणाऱ्या मेक्सिकन बायका, कॉलेजची मुलं. पहिल्या निम्म्या रस्त्यात चढ सौम्य आहे, मग वळणं सुरू होतात आणि दम लागतो. मुलीला वर जायचं नसेल तर अर्ध्यातून परत फिरा, त्यात कमीपणा नाही.

या टेकडीवर १९०३ पासून वाळवंटाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. काही जागा १९०६ पासून आखून ठेवल्या आहेत आणि तिथली झाडं आजही मोजली जातात. चढताना आजूबाजूला जे उंच, हात वर केलेले निवडुंग दिसतात ते सवारो. लिहिताना सग्वारो, बोलताना सवारो. तुमच्या मुलीला एका सवारोपाशी थांबवा आणि त्याचं वय ओळखायला सांगा. पहिल्या आठ वर्षांत हे झाड जेमतेम बोटाच्या एका-दोन पेरांएवढं होतं. हात फुटायला बहुतेकदा ५० ते ७५ वर्षं लागतात आणि आयुष्य दीडशे वर्षांच्या पुढे जातं. म्हणजे दोन हातांचा सवारो दिसला की तो तिच्या पणजोबांच्या वयाचा. लहान सवारो बहुतेकदा कुठल्यातरी पालो व्हर्देच्या किंवा मस्कीटच्या सावलीत सापडेल. ते झाड त्याला ऊन-थंडीपासून जपतं, मग सवारो मोठा होतो आणि पुष्कळदा सांभाळणारं झाडच आधी जातं. मुलांना ही गोष्ट एकदा कळली की ती प्रत्येक झुडपाखाली वाकून बाळ शोधायला लागतात. रखरखाट दिसायचा बंद होतो तो असा.

वाकून बघताना हात मात्र घालू द्यायचा नाही. जिथे दिसत नाही तिथे हात नाही आणि पाय नाही, हा इथला पहिला नियम, रॅटलस्नेकमुळे. दुसरं म्हणजे चोया. हा सोनेरी, लोकरीसारखा मऊ दिसणारा निवडुंग. त्याला 'उडी मारणारा' म्हणतात. तो उडी मारत नाही, पण नुसता धक्का लागला की अख्खं पेर तुटून पोटरीला चिकटतं. माझ्या मुलाला तो सहा वर्षांचा असताना असं पेर चिकटलं. मी घाबरून हाताने ओढायला गेले आणि माझ्या तीन बोटांत काटे घुसले. मागून येणाऱ्या एका आजींनी पाठपिशवीतून साधा केस विंचरायचा कंगवा काढला, दाते पेर आणि कातडी यांच्या मध्ये सरकवले आणि एका झटक्यात ते पेर दूर उडवलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पिशवीत रुंद दातांचा कंगवा आणि एक चिमटा असतो. तुम्हीही आजच ठेवा.

पाण्याचा हिशोब: चालताना माणशी ताशी एक लिटर धरायचं आणि निम्मं संपलं की उलटं फिरायचं, मग समोर कितीही सुंदर काही असो. दरवर्षी उन्हाळ्यात ज्यांना वाटेवरून उचलून आणावं लागतं, त्यांच्यातले बरेच जण धडधाकट असतात. फक्त उशिरा निघालेले असतात.

आता उंची. रविवारी पहाटे पेट्रोलची टाकी भरून माउंट लेमनचा रस्ता धरा. वर पंप नाही. साधारण २७ मैलांचा हा घाट आहे. खाली सवारो, थोडं वर गेल्यावर एका वळणानंतर ते एकदम संपतात, मग गवत आणि ओक, मग पाइनचं जंगल. एका तासात मेक्सिकोहून कॅनडाला गेल्यासारखं, असं इथले लोक म्हणतात आणि झाडांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. वर समरहेवन नावाची वस्ती आहे. गावात ४० अंश असताना तिथे पंचविशी असते. महाबळेश्वरला जाण्यासारखंच, फक्त स्ट्रॉबेरीऐवजी ताटाएवढी कुकी मिळते. २००३ च्या वणव्यात ही वस्ती जवळजवळ पूर्ण जळली होती, २०२० मध्ये पुन्हा डोंगर पेटला. अजून काळे बुंधे दिसतात आणि त्यांच्यात नवी ॲस्पन. सिगारेट, शेगडी, शेकोटी यांचे नियम इथे मनापासून पाळा.

वाटेत एका ठिकाणी थांबाच. सुरुवातीच्या काही मैलांनंतर गॉर्डन हिराबायाशी यांच्या नावाची तंबू टाकायची जागा लागते. हा रस्ता १९३३ पासून कैद्यांकडून बांधून घेतला आणि त्यांची छावणी या जागेवर होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं जात होतं, तेव्हा सिॲटलमध्ये शिकणाऱ्या हिराबायाशींनी संचारबंदी आणि स्थलांतराचा हुकूम मानायला नकार दिला. शिक्षा झाली, पण तुरुंगापर्यंत न्यायला सरकारकडे पैसे नव्हते. ते लोकांच्या गाड्यांना हात दाखवत स्वतःच टूसॉनला आले आणि शिक्षा भोगायला हजर झाले. १९८७ मध्ये न्यायालयाने ती शिक्षा चुकीची ठरवली. तिथे आता पायऱ्यांचे, जोत्यांचे दगडी अवशेष उरलेत. आपण गांधीजींच्या देशातून आलो, त्यामुळे असेल, मी तिथून नुसती गाडी पळवून जाऊ शकत नाही.

जुलै आला की गावाचा चेहरा बदलतो. इथेही पावसाला मान्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर असा त्याचा काळ धरतात, प्रत्यक्षात तो जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. वर्षाचा पाऊस सगळा मिळून जेमतेम अकराएक इंच, त्यातला निम्मा या दोन-अडीच महिन्यांत. दुपारी दक्षिणेकडून ढग चढतात, वारा फिरतो, धूळ उठते आणि मग वास येतो. आपल्याकडे पहिल्या पावसात माती दरवळते. इथे क्रिओसोट नावाचं एक साधं, तेलकट बारीक पानांचं झुडूप आहे, त्याचा वास सगळ्या गावावर पसरतो. एखादी फांदी न्हाणीघरात टांगून गरम पाणी सोडलंत तर तोच वास घरात येतो. इथली जुनी माणसं परगावी राहणाऱ्या मुलांना ही फांदी पाकिटातून पाठवतात.

पावसाळ्यात संध्याकाळी फिरायचं. कॅम्बेल अव्हेन्यूवर रियीतो नदीच्या पुलाखाली वटवाघळं राहतात. सूर्य मावळला की धुरासारखी लांबलचक रांग करून ती बाहेर पडतात. मुलीला हे नक्की दाखवा, एक पैसा लागत नाही. दुसरं, गावाच्या पश्चिमेला ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे. नाव म्युझियम, पण खरं तर ते १९५२ साली सुरू झालेलं मोकळ्यावरचं प्राणिसंग्रहालय आणि उद्यान आहे. उन्हाळ्यात शनिवारी ते रात्री उघडं ठेवतात आणि जांभळ्या दिव्याखाली विंचू हिरवे चमकताना मुलांना दाखवतात. त्या रात्रीनंतर माझ्या मुलाला घराच्या कुंपणाशी विंचू शोधायचं वेड लागलं होतं.

आणि तिसरं, तोहोनो चुल नावाचं उद्यान. उन्हाळ्यात तिथे एका रात्री रानातला निवडुंग फुलतो. एरवी वाळक्या काटकीसारखं दिसणारं झाड, त्याला एका रात्रीपुरती पांढरी, दरवळणारी फुलं. कोणती रात्र ते आधी सांगता येत नाही. कळ्यांवर लक्ष ठेवतात आणि त्याच दिवशी जाहीर करतात, मग लोक जेवण अर्धवट टाकून निघतात. आपल्याकडे कुंडीत ब्रह्मकमळ उमलायचं असलं की शेजाऱ्यांना रात्री दहाला बोलावतात ना, अगदी तसंच. आपलं कुंडीतलं ब्रह्मकमळ म्हणजे मुळात मेक्सिकोकडचा निवडुंगच आहे, त्यामुळे ही दोन्ही फुलं एकमेकांची नातलग. पहिल्या वर्षी त्या वासाने मला कोथरूडच्या घराची गच्ची आठवली होती.

पावसात एकच गोष्ट जिवावर बेतते: वाहत्या पाण्यातून गाडी घालणं. इथल्या बहुतेक नद्या आणि ओढे वर्षाचा बराचसा काळ कोरडे असतात, म्हणून पुष्कळ रस्ते सरळ त्यांच्या पात्रातून जातात. डोंगरावर पाऊस पडला की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. अडथळे ओलांडून गाडी घातली आणि सोडवावं लागलं तर त्याचा खर्च चालकाकडून वसूल करायचा कायदा राज्यात १९९५ पासून आहे. लोक त्याला सरळ 'मूर्ख चालकांचा कायदा' म्हणतात. थोडा वेळ थांबलं की बहुतेकदा पाणी ओसरतं. थांबा.

आता खाण्याचं, कारण सासू-सासऱ्यांच्या निमित्ताने तुमची खरी काळजी तीच असणार. टूसॉनला युनेस्कोने २०१५ मध्ये खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलं. अमेरिकेतलं हे अशा प्रकारचं पहिलं शहर. हॉटेलांच्या झगमगाटासाठी हा मान मिळाला नाही. सांता क्रूझ नदीकाठी चार हजार वर्षांहून जास्त काळ शेती होत आली आहे आणि त्यातली पिकं अजून लोकांच्या ताटात आहेत, म्हणून मिळाला. सेंटिनल पीकच्या पायथ्याशी मिशन गार्डन नावाची बाग आहे, तिथे ही सगळी शेती काळाच्या क्रमाने लावून ठेवली आहे. ओओधम लोकांचा भोपळा आणि मका, स्पॅनिश लोकांनी आणलेली डाळिंबं आणि अंजिरं, चिनी माळ्यांच्या भाज्या. सासरे नाशिकचे, त्यांना द्राक्ष-डाळिंबाच्या बागा परक्या नाहीत. एका शनिवारी सकाळी त्यांना तिथे बाकावर बसवा, माळीकाम करणारी स्वयंसेवक मंडळी स्वतःहून गप्पा मारायला येतात.

शाकाहाराबद्दल स्पष्ट सांगते. मेक्सिकन खाणं बीन्स, भात, मका, चीज यांचं असलं तरी बीन्समध्ये पुष्कळदा डुकराची चरबी असते आणि लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. गव्हाच्या तोर्तियातही चरबी असते. म्हणून दोन वाक्यं पाठ करा: 'तिएने मान्तेका?' म्हणजे यात चरबी आहे का, आणि 'तिएने काल्दो दे पोयो?' म्हणजे कोंबडीचं पाणी आहे का. कुणी रागावत नाही, उलट आत जाऊन विचारून येतात. मग मागवायचं काय? कालाबासितास, म्हणजे दुधी भोपळ्याच्या भावंडाची मका आणि चीज घातलेली भाजी. नोपालितोस, म्हणजे फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी. जरा बुळबुळीत, भेंडी आवडणाऱ्याला आवडते. चीज क्रिस्प हा तर टूसॉनचाच पदार्थ: परातीएवढी तोर्तिया कडक भाजून वर चीज. टूमेरिको नावाचं पूर्ण शाकाहारी ठिकाण आहे, तिथे काहीच विचारावं लागत नाही.

तुम्ही दोघं मांसाहार करत असाल तर सोनोरन हॉट डॉग चुकवू नका. बेकनमध्ये गुंडाळलेला सॉसेज, मऊ गोडसर पावात, वर बीन्स, टोमॅटो, कांदा, मेयोनेझ, हिरवी मिरची. एल ग्वेरो कानेलो या ठिकाणाला त्यासाठी २०१८ मध्ये जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एखाद्या गाडीवर, रात्री नऊला, कांदा परतल्याच्या वासात उभं राहून खायची मजा मला जास्त वाटते.

तोर्तियावर मात्र मला थोडं थांबायचं आहे. इथे व्हाइट सोनोरा नावाचा जुना गहू पिकतो. स्पॅनिश लोकांनी आणलेला, मऊ, कमी पाण्यावर येणारा. मधल्या काळात तो जवळपास नाहीसा झाला आणि गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यांनी आणि बेकरीवाल्यांनी तो परत आणला, आपल्याकडे खपली गहू परत आला तसा. बारिओ ब्रेड या बेकरीचे डॉन गेरा हे त्यातले एक. त्यांना २०२२ मध्ये देशातल्या सर्वोत्कृष्ट बेकरचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. या भागातल्या मोठ्या तोर्तियाला सोबाकेरा म्हणतात. एकदा एका घरी मी ती करताना पाहिली. आजींनी लिंबाएवढा गोळा घेतला, तळहातावर थापला, मग एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत, कोपरापर्यंत ताणत नेला. पलीकडचं दिसेल इतका पातळ. मग तो उपड्या घातलेल्या लोखंडी पत्र्यावर अलगद सोडला. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले, कारण माझी जळगावची मामी खापरावर मांडे अशाच टाकते. तेच मनगट, तोच झोका. त्या आजींना मी फोनवर मांड्यांचा व्हिडिओ दाखवला, तर त्यांनी तो तीनदा पाहिला आणि सुनेला हाक मारली. तुमच्या सासूबाईंना मांडे येत असतील तर त्यांना इथे परकं वाटणार नाही.

घरी करायचं असेल तर तेपारी बीन्स आणा. सॅन झेवियरच्या ओओधम सहकारी शेतीवर मिळतात, तपकिरी आणि पांढऱ्या. मटकीसारखं कोरडवाहू पीक. रात्रभर भिजवा, कुकरला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ द्या आणि गोडा मसाला, गूळ घालून उसळ करा. ओओधम लोकांच्या कथेत आकाशगंगा म्हणजे सांडलेल्या पांढऱ्या तेपारी. तिखटाला चिल्तेपिन, मिरीएवढी गोल रानमिरची, लवंगीला भारी पडते. आणि मुलीसाठी दक्षिणेकडच्या ट्वेल्थ अव्हेन्यूवर रास्पादो, म्हणजे सरळसरळ बर्फाचा गोळा. आंब्याचा घ्या, वर तिखट-मीठ आणि आंबट सॉस मागा. चौपाटीची आठवण येते.

सासू-सासरे ऑक्टोबरात येणार ही तारीख तुम्ही फार चांगली निवडलीत. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत दिवसभर बाहेर राहता येतं, फक्त संध्याकाळी स्वेटर लागतो. गुडघ्यांची अडचण असेल तर सबीनो कॅन्यनला विजेवर चालणारी गाडी दरीत जवळजवळ चार मैल आत नेते. हव्या त्या थांब्यावर उतरायचं, ओढ्याकाठी डबा खायचा, पुढच्या गाडीने परत. सग्वारो राष्ट्रीय उद्यानाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग गावाच्या दोन बाजूंना आहेत. पूर्वेकडे गाडीतूनच आठ मैलांचा डांबरी फेरा मारता येतो. गाडीसाठी एकदा घेतलेला पास सात दिवस चालतो, म्हणून शनिवारी पूर्व आणि रविवारी पश्चिम करा आणि पश्चिमेकडचा दिवस गेट्स पास या खिंडीत सूर्यास्त बघत संपवा. मुलीला विमानं आवडत असतील तर पिमा एअर म्युझियमला अख्खा दिवस लागतो. काउबॉयच्या गोष्टींतल्या टूमस्टोन गावाला सगळे जातात, तुम्हीही जाल. मला स्वतःला त्यापेक्षा बिस्बी हे तांब्याच्या खाणींचं जुनं गाव आवडतं.

सॅन झेवियर देल बाकचं चर्च मात्र सासूबाईंना सकाळी लवकर दाखवा. गावाच्या दक्षिणेला, ओओधम लोकांच्या जमिनीवर, पांढरंशुभ्र. फादर किनो या धर्मप्रसारकाने १६९२ मध्ये मिशन सुरू केलं, आजची इमारत १७८३ ते १७९७ मधली. एक मनोरा अर्धवट राहिलेला आहे. ज्यांच्या नावाने हे चर्च आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर म्हणजे गोव्याचे 'गोंयचो सायब'. त्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जीझसमध्ये आहे आणि इथे आत डाव्या बाजूला त्यांची निजलेली लाकडी मूर्ती. लोक रांगेत येतात, मूर्तीच्या डोक्याखाली हात घालून ते हलकेच उचलतात आणि नवस बोलतात. पांघरुणावर हात, पाय, डोळे यांचे छोटे धातूचे आकार टाचलेले असतात, वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे वाहतात तसे. माझ्यासोबत एकदा म्हापशाच्या एक काकू होत्या. त्या मूर्तीपाशी पोचल्या आणि कोंकणीत बोलायलाच लागल्या. बाहेर अंगणात ओओधम बायका तव्याएवढी फुगलेली फ्राय ब्रेड तळतात. तळण कशाचं ते विचारून मध घालून घ्या. लोकांच्या पूजेची जागा आहे, प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका.

ऑक्टोबरातच टूसॉन मीट युवरसेल्फ भरतो. लोकसंस्कृतीचे अभ्यासक जिम ग्रिफिथ यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली ही जत्रा आहे. गावात राहणारा प्रत्येक समाज आपलं खाणं आणि नाच घेऊन येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी संध्याकाळी ऑल सोल्स प्रोसेशन असतं. १९९० मध्ये सुझन जॉन्सन या कलावतीने वडील गेल्याच्या दुःखात एक छोटा कार्यक्रम केला, त्यातून आज हजारो लोकांची मिरवणूक झाली आहे. चेहरे रंगवून, गेलेल्यांचे फोटो हातात धरून लोक चालतात. पुढे एक मोठा कलश असतो, त्यात आपल्या माणसाचं नाव लिहिलेली चिठ्ठी टाकायची आणि शेवटी तो पेटवतात. माझे बाबा गेले त्या वर्षी व्हिसाच्या घोळामुळे मला पुण्याला वेळेत पोचता आलं नाही. मी त्यांचा फोटो घेऊन या मिरवणुकीत चालले. शेजारून चालणाऱ्या अनोळखी माणसाने 'तुझे कोण?' एवढंच विचारलं आणि पुढचा मैलभर तो माझ्याबरोबर चालला. सासू-सासऱ्यांना रंगवलेल्या कवट्या बघून आधी कसंतरी होईल. पितृपक्षाचं उदाहरण देऊन आधी समजावून सांगा, मग तेही चिठ्ठी लिहितील.

या महिन्यांत एक सावधगिरी हवी. इथल्या धुळीत एक बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीव्हर नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. धुळीच्या वादळात ज्येष्ठांना बाहेर नेऊ नका आणि कुणाचाही खोकला-ताप दोन-तीन आठवडे हटला नाही तर डॉक्टरांकडे स्वतःहून या आजाराचं नाव काढा. परत भारतात जाऊन आजारी पडले तर तिथल्या डॉक्टरांनाही टूसॉनचा मुक्काम सांगायचा.

परतीचं तिकीट शक्यतो फेब्रुवारीच्या मध्यानंतरचं काढा. जानेवारीच्या शेवटापासून दोन-अडीच आठवडे इथे खनिजं, रत्नं आणि जीवाश्मांचा बाजार भरतो. १९५५ मध्ये एका शाळेत सुरू झालेलं हे प्रदर्शन आता गावभर चाळीसच्या वर ठिकाणी पसरलेलं असतं, हॉटेलांच्या खोल्यांत, तंबूंत, गोदामांत. बऱ्याच ठिकाणी प्रवेश फुकट असतो, काही ठिकाणी फक्त व्यापाऱ्यांना. मोटेलच्या खोलीत पलंग उभे करून ठेवलेले आणि टेबलावर दगड. तिथे भारतीय व्यापारी शोधा, कारण दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट आणि त्यांच्यासोबत सापडणारे इतर खनिजांचे स्फटिक जगभरातल्या संग्राहकांना हवे असतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आपला लाव्हा. जळगावचं हिरवट अपोफिलाइट, नाशिककडचं गुलाबी-केशरी स्टिलबाइट आणि वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हन्साइट, ज्याच्यासारखा निळा मी दुसऱ्या कुठल्या दगडात पाहिला नाही.

एका वर्षी मी तिथे मुलाला मराठीतून 'हात लावू नकोस' म्हणाले, तर टेबलामागच्या काकांनी मान वर केली आणि 'लावू द्या हो, कुठले तुम्ही?' विचारलं. ते जळगावचे निघाले आणि बोलण्यात मुलाच्या वाघोलीच्या आत्याचाही विषय निघाला. त्यांनी टेबलाखालून काड्यापेटी काढली, आत कापसावर नखाएवढा निळा पुंजका होता. तो मुलाच्या तळहातावर ठेवून म्हणाले, वाघोलीला तुझ्या आत्याकडे जातोस ना, त्या रस्त्याच्या बाजूला खाणी आहेत, तिथला हा. नाशिकच्या आजोबांना नातीबरोबर त्या खोलीत दोन तास सोडा. बसायला खुर्ची मागितली तर देतात.